कोऱ्या धनादेशामागची सावकारी

नाशिक जिल्ह्यातील पैसा हंगाम पाहून येतो आणि हंगाम न पाहता खर्च होतो. द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीपासून औषधे, मजुरी आणि डिपिंगचा, म्हणजे घड औषधात बुडवण्याचा, खर्च रोज करावा लागतो, मात्र माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरल्यावरच त्याच्या हाती काही लागते, आणि तेही बहुतेक वेळा पुढच्या तारखेच्या धनादेशाच्या रूपात. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जॉब वर्क करणाऱ्या लहान कारखानदाराची स्थितीही फार वेगळी नसते, कारण त्याने पाठवलेल्या मालाचे बिल साठ-नव्वद दिवसांनी निघते आणि कामगारांचा पगार मात्र महिन्याच्या सात-दहा तारखेला द्यावाच लागतो. या दोघांच्याही हातात पैसा नसतो; असतो तो पैशाचे आश्वासन असलेला एक कागद. हा कागद मुदतीपूर्वी घेऊन रोख रक्कम देणारी माणसे प्रत्येक बाजारपेठेत आहेत, त्यांच्याकडे कोणता परवाना आहे हे सहसा कोणी विचारत नाही, आणि ज्या कायद्याने हे विचारायचे तो सावकारी कायदा आपल्याकडे अस्तित्वात आहे, म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

मी अनेक वर्षे सातपूर-अंबड भागातील लहान कारखानदारांचे आणि निफाड-दिंडोरीकडील काही बागायतदारांचे हिशेब पाहतो. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार क्वचितच त्याच्या खऱ्या नावाने येतो. तो ‘हातउसने’, ‘किरकोळ खर्च’ किंवा ‘दलाली’ म्हणून नोंदवलेला असतो. समजा, एका बागायतदाराकडे दोन महिन्यांनंतरच्या तारखेचा एक लाख रुपयांचा धनादेश आहे आणि गावातला पैसेवाला तो ‘शेकडा चार’ या दराने घेतो. दोन महिन्यांचे आठ हजार रुपये आधीच कापून बागायतदाराच्या हाती ९२ हजार रुपये पडतात. बोलताना हा दर चार टक्के वाटतो, पण ९२ हजारांवर दोन महिन्यांत आठ हजार म्हणजे वर्षाला साधारण ५२ टक्के होतात. महाराष्ट्र शासनाने सावकारांसाठी अधिसूचित केलेला दर शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला वर्षाला १२ टक्के आहे. त्या दराने याच रकमेचे दोन महिन्यांचे व्याज १,८४० रुपये झाले असते. उरलेले सहा हजारांहून अधिक रुपये कशाचे, हे त्या बागायतदाराला कोणीही समजावून सांगत नाही, कारण व्याज आधीच कापून घेतल्यामुळे त्याला ते व्याज वाटतच नाही.

अमेरिकेत धनादेश घेऊन तत्काळ रोख देणे हा स्वतंत्र, नाव असलेला व्यवसाय आहे. तिथे अशा दुकानांना परवाना कुठला लागेल आणि शुल्क किती घेता येईल हे ज्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते, आणि दिवसाला एका व्यक्तीमागे एक हजार डॉलरपेक्षा अधिक रकमेचे धनादेश वटवणाऱ्यांना केंद्रीय अर्थखात्याच्या यंत्रणेकडेही नोंदणी करावी लागते. त्या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. तरीही दुकानावर पाटी असते, दर लिहिलेला असतो आणि तपासनीस कुठे जायचे हे जाणून असतो. आपल्याकडे तोच व्यवहार कापड दुकानात, खत दुकानाच्या मागच्या खोलीत, गाळ्यावर किंवा चहाच्या टपरीवर होतो. त्यामुळे परवाना तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे पहिला प्रश्नच असा असतो की तपासायचे कोणाला.

सावकारी आणि सावकार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ३० व्या क्रमांकावर आहे. त्यानुसार महाराष्ट्रात आधी १९४६ चा मुंबई सावकारी कायदा होता आणि २०१४ पासून महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. या अधिनियमाखाली परवाना देणे, नाकारणे, रद्द करणे आणि तपासणी करणे ही कामे सहकार खात्याकडे आहेत: तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, विभागाला विभागीय सहनिबंधक आणि सर्वांत वर पुण्याचे सहकार आयुक्त. ज्या कार्यालयात पतसंस्थांच्या निवडणुका, सोसायट्यांची थकबाकी, बाजार समित्यांचे वाद आणि गृहनिर्माण संस्थांच्या तक्रारी येतात, त्याच कार्यालयातील त्याच मोजक्या कर्मचाऱ्यांनी सावकारांवरही लक्ष ठेवायचे असते, ही गोष्ट अंमलबजावणीबद्दल बोलताना विसरून चालणार नाही.

परवाना हा केवळ कागद नाही, त्याच्यासोबत बंधने येतात. परवाना ठरावीक कार्यक्षेत्रासाठीच असतो. त्याबाहेर कर्ज देता येत नाही. या अटीचे महत्त्व २०१५ मध्ये दिसले, जेव्हा शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे स्वतः फेडण्याचा निर्णय घेतला आणि कार्यक्षेत्राबाहेर दिलेल्या कर्जांचे काय करायचे हा पेच उभा राहिला. सावकाराने रोजकीर्द आणि खातेवही ठेवली पाहिजे, ऋणकोला त्याला समजणाऱ्या भाषेत कर्जाचे विवरण दिले पाहिजे, प्रत्येक परतफेडीची पावती दिली पाहिजे. व्याजाचे दर ठरलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. शिवाय कलम ३१ प्रमाणे व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही, म्हणजे आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाला या कायद्यात जागा मिळालेली आहे. नाशिकच्या सराफ बाजारासारख्या पेठांत सोने तारण ठेवून कर्ज देणारे परवानाधारक या चौकटीत काम करू शकतात. प्रश्न आहे तो चौकटीबाहेर असलेल्यांचा.

धनादेश घेऊन आगाऊ पैसे देणे म्हणजे सावकारी आहे का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘नाही’ हे उत्तर हवे असते. कायद्याने ‘कर्ज’ या शब्दाच्या व्याख्येतून काही व्यवहार वगळले आहेत; बँका, सहकारी संस्था, शासन यांची कर्जे त्यात येतात. वचनचिठ्ठी सोडून इतर परक्राम्य दस्तऐवजाच्या, म्हणजे धनादेश किंवा हुंडीच्या, आधारावर एका मर्यादेपेक्षा मोठी रक्कम आगाऊ दिली असेल तर तोही व्यवहार वगळलेला आहे. जुन्या कायद्यात ही मर्यादा अवघी ३,००० रुपये होती आणि नव्या कायद्याने ती बरीच वर नेली. माझ्या मते या बदलाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही. मर्यादा वर गेली तरी मोठ्या व्यापाऱ्यांमधली हुंडीसारखी उलाढाल मोकळीच राहिली, परंतु त्या मर्यादेच्या आतला, म्हणजे लहान शेतकऱ्याच्या, रिक्षाचालकाच्या किंवा दोन लेथ मशीनच्या कारखानदाराच्या हातातला धनादेश कायद्याच्या कक्षेत आला. असे धनादेश नेमाने, व्यवसाय म्हणून, नफ्यासाठी घेणाऱ्या माणसाला परवाना लागतो. ‘मी कर्ज देत नाही, चेक घेतो’ हा त्याचा बचाव टिकण्यासारखा नाही.

वित्तीय कंपन्यांचा प्रश्न वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे दारात आलेला माणूस ‘आमची फायनान्स कंपनी आहे’ असे सांगत असेल तर त्याच्याकडे रिझर्व्ह बँकेचे नोंदणी प्रमाणपत्र मागावे, आणि ते नसेल तर जिल्हा उपनिबंधकांचा परवाना मागावा. दोन्ही नसतील तर त्याला व्यवसाय म्हणून पैसे व्याजाने देण्याचा अधिकार नाही.

आता अंमलबजावणीकडे येतो. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला कलम ३९ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कागदावर ही तरतूद कठोर आहे. प्रत्यक्षात मात्र यंत्रणा तक्रारीवर चालते: कोणीतरी अर्ज करतो, सहायक निबंधक प्राथमिक चौकशी करतात, तथ्य दिसल्यास पथक तयार होते, पंच आणि पोलीस बंदोबस्त घेऊन घराची किंवा दुकानाची झडती होते, सापडलेल्या कागदांचा पंचनामा होतो, मग सुनावणी, अहवाल आणि शेवटी गुन्हा. या साखळीतील पहिली कडी कर्जदाराने जोडायची असते, आणि ती जोडण्याच्या स्थितीत सर्वांत कमी कोण असेल तर तो कर्जदारच.

याचे कारण त्याने दिलेला दुसरा धनादेश. आगाऊ पैसे देणारा व्यापाऱ्याचा धनादेश तर घेतोच, शिवाय ‘सुरक्षेसाठी’ म्हणून पैसे घेणाऱ्याच्या स्वतःच्या खात्याचे दोन-तीन कोरे, सही केलेले धनादेश ठेवून घेतो. धनादेशाची वैधता तीन महिन्यांची असते, पण तारीखच लिहिलेली नसल्यामुळे ती मुदत सुरूच होत नाही. उद्या वाद झाला की त्यावर हवी ती रक्कम आणि हवी ती तारीख लिहून तो बँकेत टाकता येतो. खात्यात पैसे नसल्याने तो परत येतो, ३० दिवसांच्या आत नोटीस निघते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर परक्राम्य दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो, ज्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच अधिनियमाचे कलम १३९ धनादेश हा देणे फेडण्यासाठीच दिला होता असे गृहीत धरते, आणि ते गृहीतक खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशालाही हे गृहीतक लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे ज्याच्याकडे परवाना नाही असा माणूस फिर्यादी होतो आणि ज्याच्याकडून बेकायदा व्याज घेतले गेले तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

माझ्या परिचयाच्या एका कारखानदाराने अशाच भीतीने मूळ रकमेच्या दीडपट पैसे दिल्यानंतरही हप्ते चालू ठेवले होते. त्याला मी कायदा समजावून सांगितला तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, माझे चेक परत कोण आणून देणार?” त्याच्या या प्रश्नाला मी तेव्हा दिलेले उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते, पण त्याचे समाधान झाले नाही आणि त्याने अर्ज केला नाही. अशा माणसाला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने दोन धोक्यांची तुलना केली आणि जवळचा धोका टाळला.

मला जे आग्रहाने म्हणायचे आहे ते इथे येते. कायदा तक्रारीची वाट पाहण्यास सांगत नाही. कलम १६ प्रमाणे एखादी व्यक्ती सावकारीचा व्यवसाय करत असल्याचे मानण्यास कारण असेल तर अधिकृत अधिकारी तिच्याकडे कागदपत्रे मागू शकतो आणि वॉरंटशिवाय जागेत प्रवेश करून झडती घेऊ शकतो. ‘मानण्यास कारण’ तयार होण्यासाठी पीडिताचा अर्ज हा एकच मार्ग नाही. न्यायालयात कलम १३८ खालचे खटले ही सार्वजनिक नोंद आहे; एकाच व्यक्तीने वर्षभरात वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या, बहुतेक शेतकरी किंवा कामगार असलेल्या माणसांविरुद्ध असे खटले लावले असतील, आणि प्रत्येक फिर्यादीत ‘मैत्रीखातर हातउसने दिले’ असे एकच वाक्य असेल, तर त्या व्यक्तीच्या मैत्रीची चौकशी सहकार खात्याने स्वतःहून करायला हवी. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांतील दस्तांचेही तसेच आहे: एकाच खरेदीदाराच्या नावे वेगवेगळ्या गावांत लहान लहान क्षेत्रांची खरेदीखते होत असतील आणि सातबाऱ्यावर नाव बदलूनही जमीन मूळ मालकच कसत असेल, तर ती बहुधा खरेदी नसून तारण असते. या दोन नोंदी एकत्र ठेवून पाहण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही; त्यासाठी जिल्ह्यात एक माणूस आणि एक टेबल पुरेसे आहे.

‘व्यवसाय’ सिद्ध करणे हा या खटल्यांतला कळीचा मुद्दा असतो. एखाद्याने अडचणीत असलेल्या शेजाऱ्याला एकदा पैसे दिले म्हणून तो सावकार होत नाही, आणि होऊही नये. सातत्य दाखवावे लागते. म्हणूनच झडतीत काय सापडते याला फार महत्त्व आहे: अनेक माणसांचे सही केलेले कोरे धनादेश, कोरे मुद्रांक, इसार पावत्या, मूळ खरेदीखते, आकडे आणि आद्याक्षरे लिहिलेल्या डायऱ्या. एका माणसाचा अर्ज आल्यावर पंधरा दिवसांनी पथक गेले तर यातले काही घरात शिल्लक राहत नाही. पंचनाम्यात ‘आक्षेपार्ह कागदपत्रे आढळली नाहीत’ असे वाक्य आले की पुढची सगळी चौकशी अर्जदाराच्या तोंडी सांगण्यावर येऊन पडते. अर्ज आल्यापासून झडतीपर्यंतचा वेळ कमी करणे ही एकच सुधारणा झाली तरी निकाल बदलतील, असे मला वाटते.

कर्जाच्या कागदाची ही ताकद महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. मे १८७५ मध्ये सुपे येथे सुरू झालेल्या आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोखे आणि हुकूमनामे यांच्यावर होता; ते कागद हिसकावून जाळले गेले. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला, ज्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा खरा इतिहास तपासण्याची मुभा दिली. आजच्या कायद्यातही तो विचार आहे: कर्ज देतेवेळी वैध परवाना नसेल तर कलम १३ प्रमाणे न्यायालयाने सावकाराच्या बाजूने हुकूमनामा द्यायचा नाही. मात्र हे संरक्षण दिवाणी दाव्यात आहे. आजचा सावकार दिवाणी दाव्याच्या वाटेला जातच नाही, तो धनादेश घेऊन फौजदारी न्यायालयात जातो.

अंमलबजावणी कडक केली तर गरजूला पैसे मिळणेच बंद होईल, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही. २०१७ पासून जिल्हा मध्यवर्ती बँक अडचणीत आल्यावर नाशिकच्या ग्रामीण भागात पीककर्जाचा सर्वांत जवळचा झरा आटला. सोसायटीकडे जाणारा शेतकरी दुसरीकडे वळला, ते हौसेने नव्हे. कारखानदारांसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे आणि बिलांवर बँकांकडून आगाऊ रक्कम मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्थाही आहे, पण मोठ्या खरेदीदाराला दुखावून पुढची ऑर्डर गमावण्याची तयारी लहान माणसाची नसते. तरीही हा आक्षेप मला पटत नाही, कारण परवाना घेतल्याने कर्ज देणे थांबत नाही. थांबते ते वर्षाला ५२ टक्क्यांचे व्याज. आणि व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर आले तर धनादेश विकण्याची वेळच कमी येईल. बाजार समितीच्या आवाराबाहेर, बागेतच होणाऱ्या द्राक्षखरेदीत पैसे बुडवून पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी मोहीम उघडली, तेव्हा शेतकरी मोठ्या संख्येने पुढे आले होते. यंत्रणा आधी हलली की माणसे तक्रार करतात, हे त्यातून दिसले.

ज्यांची जमीन अशा व्यवहारात गेली आहे त्यांच्यासाठी कलम १८ आहे. खरेदीखत झालेले असले तरी ती जमीन प्रत्यक्षात सावकारी कर्जाच्या तारणापोटी घेतली होती असे चौकशीत दिसून आले, तर जिल्हा उपनिबंधक तो दस्त अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश देऊ शकतात. त्या आदेशाविरुद्ध एक महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील करता येते. अर्जाला कायद्याने कालमर्यादा घातलेली असल्याने वाट पाहत बसणे महागात पडते.

अर्ज करताना काय जोडावे हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पैसे मिळाल्याची आणि दिल्याची प्रत्येक खूण उपयोगी पडते: बँकेचा खातेउतारा, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरील हप्त्याच्या मागण्या, डायरीतील नोंदीचा फोटो, व्यवहाराच्या वेळी हजर असलेल्यांची नावे. दिलेल्या कोऱ्या धनादेशांचे क्रमांक चेकबुकाच्या अर्धकांवरून उतरवून अर्जात लिहावेत, म्हणजे पुढे त्यावर रक्कम भरून खटला झाला तर ते आधीच नोंदवले गेले होते हे दाखवता येते. शक्य असेल तर त्याच माणसाकडून पैसे घेतलेल्या आणखी दोघा-तिघांनी स्वतंत्र अर्ज एकाच दिवशी द्यावेत. सातत्य सिद्ध करण्यास त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. अर्ज दोन प्रतींत न्यावा, एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती पोच घरातील कागदपत्रांत न ठेवता एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे किंवा वकिलाकडे ठेवावी. परवानाधारक सावकारांची तालुकानिहाय यादी, परवान्याच्या मुदतीसह, प्रत्येक बाजार समितीच्या सूचनाफलकावर आणि सातपूर-अंबडच्या बँक शाखांत लावावी, अशी लेखी विनंती मी जिल्हा उपनिबंधक कार्यालयाला केली आहे. आपापल्या तालुक्यात सहायक निबंधकांकडे अशीच विनंती वाचकांनीही करावी, कारण अर्जांची संख्या वाढली की ती यादी लावणे कार्यालयाला टाळता येणार नाही.